सई आणि धाराऊ

पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं की नसरापूर लागतं आणि पुढे वेल्ह्याच्या वाटेवर राजगडाच्या पायथ्याकडे जाणारे रस्ते फुटू लागतात. पायथ्याच्या गावांपैकी पाल खुर्द हे सईबाईंचं समाधिस्थान मानलं जातं. वर गडावर, पद्मावती माचीवरच्या देवळाजवळही त्यांची समाधी दाखवतात. फाट्याला न वळता महामार्गाने तसंच थोडं पुढे गेलं, तर कापूरहोळ येतं. भोरला जाणाऱ्या एसटी इथून आत वळतात. हे धाराऊंचं गाव. एक जागा वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातली, दुसरी भोर तालुक्यातली. मधे डोंगर आणि भातखाचरं, आणि दोन्हींना जोडणारं एकच मूल. सईबाईंनी त्याला जन्म दिला, धाराऊंनी दूध पाजलं. ते मूल म्हणजे छत्रपती संभाजी महाराज.

आता दोन्ही नावं आजच्या बालवाडीच्या दारात उभं राहून मोठ्याने उच्चारून पाहावीत. ‘सई’ म्हटल्यावर एखादी तरी मुलगी वळून बघण्याचा संभव बराच आहे. ‘धाराऊ’ म्हटल्यावर कुणी वळेल, याची खात्री नाही. एकाच घरातल्या, एकाच पाळण्याशेजारच्या दोन बायकांच्या नावांना साडेतीनशे वर्षांत इतकं वेगळं नशीब कसं आलं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. १६४० मध्ये त्यांचं शिवाजीराजांशी लग्न झालं, तेव्हा दोघंही लहान होती. सखू, राणू आणि अंबिका या तीन मुलींनंतर १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर मुलगा झाला. बाळंतपणानंतर सईबाईंची तब्येत सावरली नाही, दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातल्या धाराऊंना दूधआई म्हणून आणलं गेलं. त्यांचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे बाळराजांचे दूधभाऊ झाले. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर गेल्या. मुलगा जेमतेम सव्वादोन वर्षांचा होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली. इतिहासाच्या पुस्तकांत त्या वर्षाची सगळी पानं प्रतापगडाने व्यापली आहेत. राजगडावरचं ते दुःख एखाद्या ओळीत उरकलेलं असतं.

कर्तृत्वावर नाव टिकतं असा आपला समज असतो. तसं असतं तर या पट्ट्यात घराआड एक धाराऊ असायला हवी होती. परक्याच्या लेकराला आपलं दूध देणं आणि त्या लेकराची आई गेल्यावरही मायेने उभं राहणं, यापेक्षा मोठं काम कोणतं? शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ कादंबरीत धाराऊ ठसठशीत उभी आहे. संभाजी महाराजांवरच्या दूरचित्रवाणी मालिकेतून ती घराघरांत पोचली. लोकांना ती आवडते, तिच्याबद्दल आदर वाटतो. तरीही बारशाच्या दिवशी तिचं नाव कुणाला सुचत नाही. म्हणजे नाव टिकण्याचं कारण दुसरीकडे कुठेतरी शोधायला हवं. ते आधी नावातच शोधावं.

‘सई’ हा शब्द मराठीपेक्षाही जुना आहे. संस्कृतातल्या ‘सखी’चं प्राकृतात ‘सही’ झालं. दोन स्वरांमधला ख मऊ होऊन ह होणं ही प्राकृताची सवयच. मुख-मुह तसं सखी-सही. सातवाहनांच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या संग्रहात, एक बाई दुसरीला मनातलं सांगताना याच शब्दाने हाक मारते. पुढे ह ही गळाला आणि मराठीत ‘सई’ उरली. अर्थ तोच, मैत्रीण. जात्यावर, भोंडल्यात, मंगळागौरीच्या रात्री बायका एकमेकींना ‘सये’ आणि ‘सयांनो’ म्हणत आल्या. म्हणजे हे विशेषनाव होण्याआधी हाक होती, आणि हाकेसाठीच घडलेला शब्द पाळण्यातही तितकाच शोभतो.

इथे एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. सईबाईंच्या थोरल्या लेकीचं नाव सखू. सखू म्हणजेही सखीच, लाडात आलेली. आई सई, लेक सखू: एकाच शब्दाची दोन रूपं एका घरात नांदली. पण पुढच्या काळात दोघींच्या वाटा फुटल्या. ‘सखू’ म्हटलं की कऱ्हाडची संत सखू, नऊवारी लुगडं, सासुरवास आणि पंढरीची वाट डोळ्यांपुढे येते. नाव गावाकडचं आणि आजीचं ठरलं. ‘सई’ मात्र कुठल्याच एका चित्रात अडकली नाही, म्हणून ती कोऱ्या पाटीसारखी नव्या पिढीच्या हाती आली.

शिवाजी महाराजांच्या आठ राण्यांची नावं एका ओळीत मांडली की हे आणखी स्पष्ट दिसतं. सईबाई, सोयराबाई, पुतळाबाई, सकवारबाई, काशीबाई, सगुणाबाई, लक्ष्मीबाई, गुणवंताबाई. आठही नावांच्या शेवटी आदराचं ‘बाई’ आहे. विसाव्या शतकात शाळा, कचेऱ्या आणि छापील पत्रिका यांच्या रेट्यात मराठी नावांचं हे शेपूट हळूहळू गळून पडलं. यमुनाबाईंच्या घरी यमुना आली, रमाबाईंच्या घरी रमा. शेपूट गेल्यावर जे उरतं ते स्वतःच्या पायांवर उभं राहू शकतं का, यावर नावाचं पुढचं आयुष्य ठरलं. ‘सोयराबाई’तून बाई काढली तर ‘सोयरा’ उरतो, आणि सोयरा म्हटलं की आजच्या कानाला लग्नातला पाहुणा ऐकू येतो. ‘पुतळाबाई’चं तर फारच वाईट झालं. पुतळी म्हणजे सोन्याचं नाणं, पुतळ्यांची माळ हा घरंदाज दागिना. नावात सोन्याची झळाळी होती. आता पुतळा म्हणजे चौकातला. काशी आणि लक्ष्मी ही देवाधर्माची नावं टिकली खरी, पण पणजीची म्हणून. सकवार आणि गुणवंता कानाआड गेली. आठांतलं एकच नाव बाई गळाल्यावर अधिक मोकळं, अधिक गोड झालं. त्यात अक्षरं दोन, आणि व्यंजन तर एकच.

धाराऊंच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. या नावाच्या शेवटी ‘बाई’ नाही, ‘आऊ’ आहे. आऊ म्हणजे आई. जिजाऊ म्हणजे जिजा आणि आऊ. धाराऊ म्हणजे धारा आणि आऊ. ‘बाई’ हे कुणालाही लागतं, पण ‘आऊ’ हे आईपण अंगावर घेतलेल्या बाईचं बिरुद. दूध पाजणाऱ्या स्त्रीच्या नावात धार आहे आणि आईही आहे, याहून समर्पक नाव तिला कोणतं मिळालं असतं! पण हीच त्या नावाची अडचण झाली. बारा दिवसांच्या पोरीला आऊ म्हणायला जीभ धजत नाही. शेपूट काढलं तर धारा उरते. धारा हे नाव मुलींना ठेवलंही जातं, गुजराती घरांत अधिक. पण मराठी घरातल्या पन्नाशीच्या माणसाला ‘धारा’ म्हटलं की खाद्यतेलाचा डबा आणि जिलबीची जाहिरात आठवते. आणि समजा कुणी मुलीचं नाव धारा ठेवलंच, तर ते कापूरहोळच्या बाईवरून ठेवलं आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. जिजाऊंचं तसं नाही. अलीकडे ‘जिजा’ हे नाव बारशांत ऐकू येऊ लागलं आहे, आणि त्यामागे कोण उभं आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

एवढं सगळं कानाच्या आणि अर्थाच्या आधाराने सांगता येतं. आकड्यांनी सांगायचं तर मोठी अडचण आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग १८८० पासूनच्या बाळांची नावं वर्षवार जाहीर करतो. एखादं नाव वर्षात पाच बाळांना जरी ठेवलं असेल तरी ते यादीत सापडतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये तीन बाळांपर्यंतची नावं मिळतात. तिथे एखाद्या विरळ नावाचा आलेख घरबसल्या काढता येतो. आपल्याकडे अशी यादी प्रसिद्ध होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा तर बाळाच्या नावाशिवायही जन्म नोंदवू देतो. नाव नंतर बारा महिन्यांत विनाशुल्क, आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. बाळ दवाखान्यातच असताना नोंद होते, बारसं मागाहून होतं, म्हणून ही सोय. पण त्यामुळे नावाचा रकाना पुष्कळदा कोरा राहिला, आणि कोऱ्या रकान्यांची मोजदाद होत नाही.

त्याआधीच्या काळात तर रकानाच नव्हता म्हटलं तरी चालेल. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची जी वही ठेवायचा तिला महसुली भाषेत गाव नमुना नंबर १४ म्हणतात, बोलीत कोतवाल बुक. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर तहसील कचेऱ्यांतली कपाटं उघडली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. पिवळी, कोपरे झडलेली पानं टेबलांवर पसरली गेली. ज्यांनी ती डोळ्यांखालून घातली त्यांना जातीच्या रकान्याशेजारी आणखी एक गोष्ट दिसली असेल. तारीख आहे, बापाचं नाव आहे, जात आहे, गाव आहे. आणि जे जन्माला आलं त्याच्यापुढे पुष्कळ ठिकाणी एवढंच लिहिलेलं आहे: मुलगा. किंवा मुलगी.

मुलग्याचं नाव पुढे सातबाऱ्यावर, पावतीवर, पोलीसपाटलाच्या कागदावर कुठेतरी येणारच. मुलीचं नाव मात्र या पानावर आलं नाही तर शाळेच्या जनरल रजिस्टरात आलं तरच यायचं, आणि शाळेत तिला घालायचं कोण? स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी आपलं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असंच नोंदवलं होतं. ही संख्या मुख्यत्वे उत्तरेकडच्या राज्यांतली होती. महाराष्ट्रात बायका नाव सांगत होत्या, पण कोणतं नाव, हा प्रश्न इथे वेगळ्याच तऱ्हेने येतो.

लग्नात ताटभर तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं. क्षणभर सगळे वाकून बघायचे, कुणीतरी मोठ्याने वाचायचं, टाळ्या पडायच्या. मग ताट हललं, तांदूळ सरकले, की नाव पुसलं जायचं आणि त्याच क्षणी माहेरचं नावही. कागदावर काहीच उरायचं नाही. राजघराणंही याला अपवाद नव्हतं. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई या शिर्क्यांच्या माहेरी जिऊबाई होत्या. एका बाईची दोन नावं, आणि इतिहासाला ठाऊक झालं ते दुसरं. त्यातून बाई काढली तर ‘येसू’ उरतं, आणि मराठी कानाला ते येशूच्या इतकं जवळचं वाटतं की ती वाटही बंद झाली.

याच मुलखात ठिकाणांची नावंही बदलत आली, पण त्यांची गोष्ट निराळी आहे. राजगडाचा डोंगर आधी मुरुंबदेव होता. तोरण्याचा प्रचंडगड झाला, रोहिड्याचा विचित्रगड. भोर संस्थानच्या पाच तालुक्यांना याच धर्तीची नावं होती: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ, सुधागड. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि सुधागड सोडला तर ती तालुक्यांची नावं मागे पडली. आता वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी पुन्हा राजगड झालं आहे. म्हणजे संस्थानी कागदावरचं नाव पाऊणशे वर्षांनी परत आलं. ते परत येऊ शकलं, कारण ते कुठेतरी लिहिलेलं होतं. ताटातल्या तांदळांना ती सोय नव्हती.

बायकांची नावं मोठ्या संख्येने आणि आदराने लिहून ठेवणारं एक काम मात्र इथल्याच मावळात सुरू झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे काम राज्यभर पसरलं आणि लाखाहून अधिक ओव्या जमल्या. हजारभर गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांनी त्या सांगितल्या. संशोधक त्या संग्रहाकडे गाण्यांचा ठेवा म्हणून पाहतात, ते रास्तच आहे. पण प्रत्येक ओवीखाली ती सांगणारीचं नाव आणि गाव आहे. नुसती नावं वाचत गेलं तरी मराठी खेड्यातल्या बायकांची दोन-तीन पिढ्यांची हजेरी होते. ज्या शब्दाने त्या एकमेकींना साद घालत होत्या, त्या ‘सई’ला त्या स्वतः बहुधा नाव मानत नव्हत्या. तो शब्द सगळ्यांचा होता.

मग हे विरळ नाव पुन्हा वर आलं कसं? त्याची पहिली ठळक खूण १९३८ मध्ये सापडते. त्या वर्षी १९ मार्चला शकुंतला परांजपे यांना मुलगी झाली. शकुंतलाबाई म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे यांची कन्या, केंब्रिजला शिकलेल्या, संततिनियमनाचं काम उघडपणे करणाऱ्या. मुलीचे वडील रशियन चित्रकार. अशा घरात नाव ठेवताना जगातलं कोणतंही नाव चाललं असतं. ठेवलं ते सतराव्या शतकातल्या मराठी राणीचं, दोन अक्षरांचं: सई. पुढे ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ या चित्रपटांनी सई परांजपे हे नाव देशभर पोचलं. त्यांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिलं ‘सय’, म्हणजे आठवण. एका मात्रेने नावाची आठवण झाली. मराठीत आपल्या नावाशी इतकं देखणं नातं जोडणारी दुसरी लेखिका चटकन आठवत नाही.

त्या पिढीत हे नाव असलेली दुसरी प्रसिद्ध बाई शोधून सापडत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत मात्र चित्र पालटलं. १९८० च्या दशकात जन्मलेल्या पिढीतून पडद्यावर आलेल्या मुली पाहा: सांगलीची सई ताम्हणकर, बेळगावची सई लोकूर, शिवाय सई देवधर आणि सई रानडे. एकाच क्षेत्रात एकाच नावाच्या चौघी. त्यांच्या आईवडिलांनी नावं ठेवली तेव्हा ‘चश्मेबद्दूर’ नुकताच येऊन गेला होता आणि ऐतिहासिक कादंबऱ्या मध्यमवर्गीय घरांच्या कपाटांत जाऊन बसल्या होत्या. यातल्या कुणाचं नाव नेमकं कशावरून पडलं हे त्या घरांनाच ठाऊक. पण हवेत काय होतं ते दिसतं. राणीचा मान होता, एका बुद्धिमान दिग्दर्शिकेचं वलय होतं, आणि नाव अजून गल्लीत कुणाचं नव्हतं. नव्या नावाला या तिन्ही गोष्टी एकदम मिळणं हे दुर्मीळ असतं.

नंतरची चढण छोट्या पडद्याची. २०२० मध्ये ‘माझा होशील ना’ या मराठी मालिकेची नायिका सई होती, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘गुम है किसी के प्यार में’ या हिंदी मालिकेची गडचिरोलीची नायिकाही सईच. मालिका लिहिणाऱ्याला प्रेक्षकाला पटकन लळा लागेल असं नाव हवं असतं. दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर ते एकाच वेळी निवडलं गेलं, याचा अर्थ तोवर ते महाराष्ट्रातल्या तरुण मुलीचं नाव म्हणून पुरतं रुळलं होतं.

एका पात्रावरून नाव कसं पेट घेतं याचा जगातला गाजलेला दाखला ‘मॅडिसन’चा आहे. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ या हॉलिवूडपटात माणसाच्या रूपातली जलपरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची पाटी वाचून मॅडिसन हे नाव घेते. तोवर ते मुलीचं नाव नव्हतंच. २००१ साली ते अमेरिकेतल्या मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होतं. पण चित्रपट हे सगळं कारण नसतं. स्टॅनले लीबरसन या समाजशास्त्रज्ञाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवलं की नावांच्या फॅशनला स्वतःची आतली गती असते. कानाला सवय झालेल्या ध्वनीतून पुढचं, थोडंसंच वेगळं नाव निघतं. प्रसिद्ध व्यक्तीचं नावही त्या लाटेत बसणारं असेल तरच चालतं.

मराठीतली लाट याला दुजोरा देते. पणज्यांच्या यमुना-गोदावरीनंतर सुलभा, शैलजा, सुनंदा आल्या. मग स्वाती, मनीषा, वैशाली. मग तेजस्विनी, प्राजक्ता, ऐश्वर्या अशी लांबलचक, जोडाक्षरांची नावं. तिथून कान थकले आणि परत फिरले: जुई, ओवी, ईरा, मीरा. या नव्या पंगतीत सईला पान मांडूनच ठेवलेलं होतं. ‘धाराऊ’ त्या पंगतीत बसत नाही, आणि ‘सखू’ बसली असती तरी तिला कुणी बोलावलं नाही.

नाव लोकप्रिय झालं तशी त्याची एक नवी अडचणही पुढे आली. रोमन लिपीत सई लिहायचं कसं? एस-ए-आय लिहिलं तर साई वाचलं जातं. शिर्डीचे साई, आणि तेलुगू घरांत मुलामुलींच्या नावाआधी लागणारा साई. म्हणून काही घरं शेवटी दोन ई लावतात. अभिनेत्री सई मांजरेकर तर आय लावून पुढे दोन ई लिहिते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असं होतं, आणि संगणकाने रोमनवरून मराठी केलं की पोरीची साई होते. आईवडिलांना यासाठी पुढे खेटे घालावे लागतात. नाव ठेवतानाच एक स्पेलिंग ठरवून सगळीकडे तेच लिहिणं, एवढी काळजी त्यांनी जरूर घ्यावी. पुढे कधी कुणी नावांची मोजदाद करायला बसलं, तर रोमन यादीतून सई आणि साई वेगळ्या करणं अशक्य होईल, हेही आहेच.

सगळीच विरळ नावं वाढावीत असं नाही. भोरच्या दक्षिणेला घाट उतरला की सातारा जिल्हा लागतो. तिथे ऑक्टोबर २०११ मध्ये एक वेगळंच बारसं झालं. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जिचं नाव ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ ठेवलं, अशा २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावं मिळाली. शाळेत रोज सकाळी हजेरीला उभं राहून आपण नको आहोत असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि वर ‘हजर’ म्हणायचं, हे त्या पोरींनी वर्षानुवर्षं सोसलं. हे नाव पुन्हा कधीही, एकाही वहीत येऊ नये.

बारशाच्या घरी आज काय होतं? बाळाच्या जन्मवेळेवरून नक्षत्राचं चरण काढतात आणि अक्षर मिळतं. सा, सी, सू ही शततारकेची अक्षरं, रास कुंभ. शततारकेच्या अक्षरांत सई सहज बसते. मग आत्या बाळाच्या कानाशी वाकते, ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते आणि पाठीत धपाटे खाते. घुगऱ्या वाटल्या जातात. हे सगळं तसंच राहिलं आहे. बदललं आहे ते कागदावरचं. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे राज्याच्या सरकारी कागदपत्रांत आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. कोतवालाच्या वहीपासून इथवर यायला फार काळ लागला. आज तिशीत असलेल्या सया आता आया होत आहेत आणि त्यांचं नाव मुलांच्या नावाला लागून दाखल्यावर चढतं आहे. त्या नियमाखाली सतराव्या शतकातलं एक नाव लिहून पाहावं: संभाजी सई शिवाजी भोसले.

धाराऊंसाठी असा रकाना नाही. दूधआईचं नाव कोणत्याच फॉर्मवर विचारत नाहीत. पण अक्षर मात्र आहे. भू, धा, फा, ढा ही पूर्वाषाढेची अक्षरं, रास धनु. भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या घरात यंदा ‘धा’ अक्षरावर मुलगी आली, तर नावांच्या यादीत कापूरहोळचं नाव एकदा तरी लिहावं, मोठ्याने म्हणून पाहावं. पाळण्यातलं नाव म्हणून धाराऊ आणि हाकेचं म्हणून धारा, असंही करता येईल. आणि त्याच घरात ऐंशी-नव्वदीची कुणी आजी असेल, तर बारशाच्या गडबडीत दहा मिनिटं काढून तिला विचारावं, “आजी, तुझं लग्नाआधीचं नाव काय गं?” ती सांगेल ते नाव, तिचं माहेरचं गाव आणि ते नाव कुणी ठेवलं होतं हे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावं.